दुसरं कडं

पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी
कागदाच्या गिरणीत काहीच झालं नाही.

बॉयलरवरचा पहारेकरी फोनवर होता,
घरी बाळाला ताप, बायको आकडा सांगत होती:
अडतीस पूर्णांक – इथे एक बारीकशी टिचकी –
चार.
लगद्याच्या टाकीची उष्णता पडद्यावर चढत राहिली,
फाटकाच्या कॅमेऱ्यात बर्फ पडत राहिला,
गोदामाने तेवीस रिळांचा हिशेब कळवला.
आवाज, आकडे, चित्रं,
सगळी एकाच काचेतून, एकमेकांना धक्का न लावता.

फक्त नियंत्रण कक्षात, कॉफीच्या यंत्रामागे,
एक हिरवा दिवा पिवळा झाला.

ओर्वोक्की हिएताला बूट चढवते.
सात वर्षांपूर्वी तिनेच हे जाळं घातलं:
अकरा ठाणी, दोन कडी.
एक उजवीकडे वाहणारं, सगळं काम त्याच्यावर.
दुसरं उलट्या दिशेचं, रिकामं,
सात वर्षं नुसतं जागं.
व्यवस्थापकाने तेव्हा विचारलं होतं,
ज्यातून काही जातच नाही त्याचे पैसे कशाचे?
जागरणाचे, ती म्हणाली होती.

आज कुठेतरी काच तुटली
आणि तुटल्या जागेच्या दोन्ही अंगांची ठाणी
कुणालाही न विचारता
घावाकडे पाठ करून उभी राहिली.
पुढे चाललेलं सगळं मागे वळलं,
दुसऱ्या कड्यावरून अख्ख्या गिरणीला वळसा घालून
जिथे जायचं तिथेच पोचलं.

पण आता ते कडं नाही.
नुसती दुमडलेली लांबलचक दोरी.
आणखी एक घाव बसला तर दोन तुकडे,
प्रत्येक आपापल्याशीच बोलणारा.
हे दिवा सांगत नाही. दिवा नुसता पिवळा असतो.

उणे सत्तावीस. टॉर्चच्या उजेडात श्वास आधी दिसतो,
रस्ता मागून.
चौथ्या आणि पाचव्या ठाण्याच्या मध्ये
फुटलेल्या पाइपसाठी रातोरात चाललेली खणती,
आणि खोदयंत्राच्या केबिनमध्ये इल्पो रान्ता,
दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलेला.
खड्ड्यावर त्याने बर्फ ओढून घेतलाय,
मांजर ओढतं तसा.

काही बंद पडलं का?
नाही.
कुठेच?
कुठेच नाही.
त्याला हायसं वाटलेलं दिसलं नाही.
मग ते काय होतं, तो म्हणाला,
फाळाला लागलेलं, गाजर मोडल्यासारखं?

तिच्याकडे एक वाक्य तयार होतं.
व्हॅनपासून इथवर ती ते घोळवत आली होती,
धार लावून.
पण ज्या जाळ्याला आपणच शिकवलं
तुटलास तरी ब्र काढायचा नाही म्हणून,
ते तोडणाऱ्याला कुठून कळणार
आपण काय तोडलं?
चार वाजेपर्यंत त्याने वाट पाहिली असणार,
भोंग्याची, धावत्या पावलांची, शिवीची.
कुणीच आलं नाही.
ते जास्त वाईट असतं.

टॉर्च धर, ती म्हणते. आणि इकडे श्वास सोडू नकोस,
वाफ बसते.

छोट्या तंबूत दोघं गुडघ्यांवर.
आठ तंतू. एकेकाचं साल काढायचं,
टोक सरळ छाटायचं, समोरासमोर आणायचं.
मग ठिणगी, डोळ्यांपुढे जांभळा ठिपका,
आणि दोन टोकांचं एक.
पाचवा तंतू दोनदा फसला.
तिसऱ्यांदा इल्पोने चक्क डोळे मिटून घेतले,
टॉर्च मात्र हलू दिला नाही.

पावणेसातला दिवा हिरवा होतो.
पहारेकरी घरी निघालाय. ती टिचकी त्याच्या लक्षातही नाही,
सदतीस नऊ तेवढं लक्षात आहे.
रिकामं कडं पुन्हा रिकामं.

ओर्वोक्की हातमोजे तोंडाने ओढून काढते, अहवाल भरते.
सेवेत खंड: शून्य.
कारण: खोदकाम.
बिघाड कोणी कळवला –
इथे पेन गोठलेलं. ती ते काखेत धरते,
थोडा वेळ खिडकीबाहेर बघते,
मग सावकाश, वाचता येईल अशा अक्षरात लिहिते,
इल्पो रान्ता.